काठासकट माप

हुबळीत दुर्गदबैलाच्या तोंडाशी 'विठ्ठलराव अँड सन्स' नावाचं साड्यांचं दुकान होतं, आणि त्या सन्समध्ये खरं तर एकच सन होता, यशवंत. दुसरं अपत्य म्हणजे त्याची थोरली बहीण शालिनी. तिला बोर्डावर कुठं बसवायची हे विठ्ठलरावांना कधी सुचलंच नाही. माणूस वाईट नव्हता. पेंटरनं विचारलं काय लिहू, तर यांनी शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, तसंच लिही. झालं. बावीस वर्षं शालिनी त्या बोर्डाखालून दुकानात येत होती आणि मागच्या भिंतीचं खणांचं कपाट सांभाळत होती.

कपाट म्हणजे काय साधं होतं? गुळेदगुड्ड गावचे चोळखण, तेरूच्या म्हणजे रथाच्या नक्षीचे, सूजीमल्लिगेच्या फुलांचे, लाल काठाचे, हिरव्या काठाचे, घडीवर घडी. कुठल्या थरात काय आहे ते शालिनी डोळे मिटून सांगायची. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि सगळा बाजार तिला अक्का म्हणायचा.

दोन हजार पाच साली यशवंतच्या डोक्यात नायट्या शिरल्या.

"अक्का, खण आता कोण घेतं? वर्षातनं दोनदा, ओटीला. ते कपाट काढू. तिथं नायट्यांचे रॅक बसतील."

"ज्यांना खण पाहिजेत ती माणसं पुण्यात आहेत, ठाण्यात आहेत, अमेरिकेत आहेत," शालिनी म्हणाली. "आपण कुठं आहोत हेच त्यांना माहीत नाही."

"मग जा की सांगायला."

तो थट्टेनं बोलला, पण थट्टा कुणाची करावी याला काही धरबंध हवा. दुसऱ्याच आठवड्यात अक्कानं देशपांडे नगरातल्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. वर्गात सगळी तिच्या निम्म्या वयाची. शिकवणारे सर चोविशीचे. पहिले दोन दिवस ते तिला मॅडम म्हणाले, तिसऱ्या दिवशी तेही अक्का म्हणायला लागले. तीन महिन्यांत तिनं दुकानाचं वेब पान करायला घेतलं. नोटपॅडमध्ये एकेक ओळ टाइप करायची, मग ब्राउझर नावाच्या, पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघायचं. पहिल्यांदा स्वतः लिहिलेली ओळ पडद्यावर लाल अक्षरात उमटली, तेव्हा बाई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. सरांना वाटलं, शॉक बसला.

पान दोन पट्ट्यांचं होतं. डावीकडं रुंद पट्टी, तिच्यात खणांचे फोटो. उजवीकडं अरुंद पट्टी, तिच्यात नक्ष्यांची नावं, पत्ता, फोन. मराठी अक्षरं त्या मशीनवर नुसती चौकोन चौकोन दिसायची, म्हणून मजकूर सगळा इंग्रजीत. आणि त्या अरुंद पट्टीच्या अगदी वर एक ओळ होती: खणांसाठी भेटा, शालिनी विठ्ठलराव. ही ओळ तिनं सगळ्यात शेवटी घातली आणि कुणाला दाखवली नाही.

शालिनीनं कागदावर काढलेला नमुना गुरुवारी यशवंतनं बघितला. "सगळं ठीक, पण काठ कुठाय? आपल्या दुकानाचं पान आणि काठ नाही?"

बरोबरच होतं त्याचं. त्या घरात काठाशिवाय काही चालायचंच नाही. दुकानाच्या बोर्डाला लाल-पिवळा काठ, कॅलेंडरला काठ, लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा. छापखानेवाला हसायचा. शुक्रवारी शालिनीनं क्लासात दोन्ही पट्ट्यांना लाल काठ लावला, मजकूर काठाला चिकटू नये म्हणून आत थोडी मोकळी जागा सोडली, आणि पान असं काही देखणं दिसलं की सरांनी बाकीच्या पोरांना बोलावून दाखवलं.

"शनिवारी पाच वाजता महेशच्या इथं बघतो," यशवंत म्हणाला. "मनापासून पटलं तर कपाट ठेवू. नाही पटलं तर सुतार लक्ष्मणअण्णा संध्याकाळी कपाट सोडवायला घेणार. मग रुसायचं नाही."

"नाही रुसत," शालिनी म्हणाली.

महेशचं सायबर कॅफे दुकानाच्या समोरच होतं. शनिवारी दुपारी दोनला शालिनी फ्लॉपी घेऊन तिथं गेली. एकदा बघून ठेवावं, बस. महेशनं दारालगतच्या मशीनवर बसवलं. "अक्का, याच्यावर नवा ब्राउझर टाकलाय. जुन्यात व्हायरस फार."

पान उघडलं. लाल काठ झळकला. तेरूचा फोटो आला, सूजीमल्लिगेचा आला. उजवी पट्टी मात्र जागेवर नव्हती.

शालिनीनं पान खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. आठ फोटो संपल्यावर, पार तळाला, डाव्या कोपऱ्यात ती पट्टी पडली होती. पत्ता, फोन आणि तिचं नाव, सगळं तिथं. कोण कशाला एवढ्या खाली येतंय बघायला? उजवीकडं नुसती पांढरी जागा, भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहते तशी.

"काल क्लासात चांगलं होतं," ती म्हणाली.

"फ्लॉपी खराब असंल," महेश म्हणाला. त्याचं उत्तर कायम हेच असायचं.

आता हिच्या अंगात आलं. घाबरली असं म्हणालात तर ती तुम्हाला दारात उभं करणार नाही. खरं तर घाबरली होतीच, पण त्याहून जास्त तिला चेव चढला होता. पदर खोचून ती कीबोर्डावर वाकली. पट्टीतला मजकूर कमी केला. पट्टी खालीच. अक्षरं बारीक केली. खालीच. उजवीकडं जा म्हणून सांगितलं, तर ती उजवीकडं गेली खरी, पण तळालाच, जागा बदलून बसलेल्या हट्टी पोरासारखी. दोन फोटो काढून टाकले, तर पट्टी तेवढी वर आली आणि पुन्हा फोटोंच्या खालीच थांबली. क्लासच्या सरांना फोन लावला, तर ते बेळगावला गेलेले. मागं एक गिऱ्हाईक मशीनसाठी ताटकळत उभं राहिलं, त्याला ती वळूनही न बघता म्हणाली, "स्वल्प ताळ्री, आगतैती." जरा थांबा, होतंय. होत काहीच नव्हतं, पण तो बिचारा थांबला.

मग तिनं काल नवीन काय घातलं होतं ते आठवलं. काठ. काठाच्या ओळी आणि मोकळ्या जागेच्या ओळी खोडल्या, पान परत उघडलं.

पट्टी टुणकन उडी मारून वर आली आणि शेजारी जाऊन बसली.

सापडलं होतं. म्हणजे चोर सापडला होता, पण त्यानं चोरी कशी केली ते कळत नव्हतं. एवढासा, पडद्यावरच्या तीन-तीन ठिपक्यांचा काठ, तो आख्खी पट्टी खाली कसा ढकलेल? आणि काठाशिवाय तर यशवंतला पान दाखवता येणार नव्हतं. गुरुवारी त्यानं तेवढं एकच मागितलं होतं. क्लासाची वही दुकानात राहिली होती. तीन वाजून गेले होते. मशीन कुणाला देऊ नको असं महेशला बजावून ती वही आणायला पळाली. बाजारानं अक्काला पळताना पहिल्यांदाच बघितलं.

दुकानात वेगळाच तमाशा चालला होता. अळणावरकडच्या खेड्यातला लक्ष्मण सुतार, साठीचा, कानावर पेन्सिल, दोन नव्या लाकडी पेट्या घेऊन सकाळीच आला होता. पुढच्या भिंतीतल्या सहा फुटी कोनाड्यात त्या शेजारी-शेजारी बसायच्या होत्या. एक बसली होती. दुसरी खाली फरशीवर उभी होती, आणि यशवंत तिच्याकडं असा बघत होता, जणू तिनं मुद्दाम केलंय.

"तीन फूट आणि तीन फूट सहाच होतात ना?" यशवंत म्हणाला.

"होतात की," लक्ष्मण शांतपणे म्हणाला. "मी विचारलो होतो मालक, माप आतलं का भायलं. तुमी म्हटला, आत तीन फूट पायजे, नायट्यांची खोकी तेवढी हाईत. मग आत तीन केलो. पण फळीला जाडी हाय का न्हाय? हिकडं पाऊण इंच, तिकडं पाऊण इंच. दोन पेट्यांच्या चार फळ्या, तीन इंच झालं. कोनाडा काय वाढणार हाय?"

शालिनी वही हातात धरून तिथंच उभी राहिली.

फरशीवर उभी असलेली ती पेटी. कोनाड्यातली रिकामी जागा. तीच पट्टी, तीच पांढरी जागा. महेशच्या मशीनवर जे झालं होतं ते इथं लाकडात झालं होतं.

"अण्णा, परत सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"ते आतलं का बाहेरचं."

लक्ष्मणनं परत सांगितलं. सांगता सांगताच शालिनीनं वहीच्या पाठीवर आकडे मांडले. पान सातशे साठ ठिपके रुंद. डावी पट्टी पाचशे साठ, उजवी दोनशे. बेरीज अगदी काटेकोर. पण काठ तीन, मोकळी जागा दहा, एका बाजूला तेरा, दोन्ही बाजूंना सव्वीस. दोन पट्ट्यांचे बावन्न. सातशे साठच्या जागेत ही आठशे बारा कोंबत होती. मग पट्टी खाली पडेल नाहीतर काय करेल?

आता ही चूक दुसऱ्या कुणी केली असती की नाही, माहीत नाही, पण शालिनीकडून ती होणारच होती. बावीस वर्षं तिनं कापड मोजलं होतं. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंच म्हटलं की काठ त्यात आलाच. खणाचा पन्हा सांगितला की दोन्ही काठ धरून. काठ वेगळा मोजायचा असतो हे तिला कुणी स्वप्नात सांगितलं असतं तरी ती हसली असती. क्लासातला जुना ब्राउझर तिच्यासारखाच मोजत होता, काठासकट, म्हणून तिथं सगळं जमलं. महेशचा नवा ब्राउझर लक्ष्मणसारखा मोजत होता. आतलं माप एवढं, काठ त्याच्या बाहेर.

"झालं का पान?" यशवंतनं विचारलं.

"होतंय," ती म्हणाली आणि परत पळाली.

पाचशे साठमधून सव्वीस काढले, पाचशे चौतीस. दोनशेतून सव्वीस काढले, एकशे चौऱ्याहत्तर. काठ परत घातला, पान उघडलं. पट्टी शेजारी. काठ जागेवर. तिचं नाव वर, उजवीकडं, लाल काठाच्या आत. शालिनीला एवढा आनंद झाला की तिनं मागच्या ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला वळून ते दाखवलं. "चलो ऐती," तो म्हणाला. छान आहे. बिचाऱ्याचा अर्धा तास गेला होता, तरी म्हणाला.

पण अक्का कच्च्या गुरूची चेली नव्हे. पुण्यातल्या बायकांच्या घरी कुठला ब्राउझर असेल कुणास ठाऊक? तिनं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर फ्लॉपी घातली. तिथं दोन्ही पट्ट्या आक्रसून गेल्या होत्या आणि उजव्या बाजूला चांगली दोन बोटं मोकळी जागा राहिली होती. इथं जमवलं तर तिथं फिसकटलं. सव्वाचार झाले होते.

ती पुन्हा दुकानात आली. यशवंत गल्ल्यावर चहा पीत होता. लक्ष्मण फरशीवर बसून दुसऱ्या पेटीचं काहीतरी करत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"अण्णा, मालकानं माप सांगितलं, पण ते आतलं का बाहेरचं तुम्हाला माहीत नाही. विचारायला मालकही नाही. मग काय करता?"

लक्ष्मणनं रंधा थांबवला. असा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत कुणी विचारला नसावा, पण उत्तर तयार होतं.

"मग जागेच्या मापाचा नुसता कप्पा पाडायचा अक्का. त्याला चौकट न्हाय, पट्टी न्हाय, काय न्हाय. जाडीच न्हाय म्हटल्यावर आतनं मोजा, भायनं मोजा, एकच. आणि नक्षीची चौकट करायची ती सैल, तिला माप द्यायचंच न्हाय. ती आत सोडायची. जेवढी जागा तेवढी ती हून बसती."

"आत," शालिनी म्हणाली.

"आत. भायर जागा कुठं हाय?"

ती उठली तेव्हा गुडघा कटकन वाजला. तिकडं लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता.

प्रत्येक पट्टीत तिनं आणखी एक चौकोन घातला. बाहेरच्या चौकोनाला फक्त रुंदी, पाचशे साठ आणि दोनशे, काठ नाही, मोकळी जागा नाही. आतल्या चौकोनाला काठ आणि मोकळी जागा, पण रुंदी काहीच लिहिली नाही. घाईत एक कंस दोनदा पडला, तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. नव्या ब्राउझरमध्ये उघडलं. बरोबर. धावत कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. बरोबर. परत पहिल्यावर, परत दुसऱ्यावर. दोन्हीकडं तेच पान, तोच काठ, पट्टी कुठंही हलत नव्हती. महेश हे सगळं गल्ल्यावरून बघत होता.

"म्हणजे फ्लॉपी चांगली हाय," तो म्हणाला.

पाचला यशवंत आला. शर्टावर लाकडाचा भुसा, कारण फरशीवरची पेटी शेवटी त्यानंच धरून ठेवली होती आणि लक्ष्मणनं तिचे जास्तीचे तीन इंच कापून ती कोनाड्यात बसवली होती. तो खुर्चीवर बसला. शालिनी मागं उभी राहिली. तिनं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते तिला फार जड जात होतं.

त्यानं फोटो बघितले. तेरूच्या नक्षीवर थांबला, जरा जवळ वाकला. गिऱ्हाइकापुढं साडी पसरताना काठावरून हात फिरवायची त्याची सवय होती. तसंच त्यानं पडद्यावरच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"काठ झकास झालाय," तो म्हणाला.

मग त्याची नजर उजव्या पट्टीवर गेली. पहिली ओळ त्यानं वाचली. परत वाचली. इंग्रजी वाचायला त्याला वेळ लागायचा, पण हे नाव वाचायला एवढा वेळ लागायला नको होता.

"हे तुझं नाव."

"हो."

"एवढं वर?"

शालिनीनं ओठ दाबले. भांडायची तिची तयारी होती, दहा उत्तरं जिभेवर होती. पण बोलली ती वेगळंच.

"दुपारी पार तळाला जाऊन पडलं होतं रे. वर आणायला तीन तास लागले."

यशवंतनं पडद्यावरून नजर दाराकडं वळवली. उघड्या दारातून समोर दुकानाचा बोर्ड दिसत होता, लाल-पिवळ्या काठाचा, वडिलांच्या हयातीतला, 'अँड सन्स' लिहिलेला. मग तो उठला आणि तडक बाहेर गेला.

पटलं का नाही पटलं? नाव बघून राग आला का? एक ओळ कमी घातली असती तर काय बिघडलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. ती मागोमाग दुकानात शिरली. खणांच्या कपाटाचं वरचं दार उघडं होतं. लक्ष्मण हातात हातोडी घेऊन त्याच्यापुढं उभा होता, आणि यशवंत त्याच्याशी बोलत होता.

"कपाट राहू दे अण्णा. नुसतं दिवाळीपर्यंत नाही, कायमचंच राहू दे. नायट्या पुढच्या दोन पेट्यांत बसतील तेवढ्या बसतील." त्यानं पेटीतून कापून निघालेली फळी उचलली, उलटसुलट करून बघितली. "याची एक पाटी होईल का? कपाटाच्या डोक्यावर लावायला. पेंटरकडनं नाव मी लिहून घेतो."

"कुणाचं नाव?" लक्ष्मणनं विचारलं.

"अक्काचं. दुसऱ्या कुणाचं?"

शालिनीला एकदम काही दिसेनासं झालं. तिनं पदरानं डोळे पुसले, उघड उघड पुसले, लपवायचं कशाला?

लक्ष्मणनं कानावरची पेन्सिल काढली. "हून जाईल की. माप काय धरू?"

यशवंत तोंड उघडणार होता, तेवढ्यात त्याला पुढच्या कोनाड्यातली पेटी दिसली. "अक्काला विचारा," तो म्हणाला.

"बाहेरनं दीड फूट," शालिनी म्हणाली. "आणि काठ आत."

लक्ष्मणनं मान हलवली आणि फळीवर पेन्सिलीनं रेघ ओढली.